जास्वंदीच्या फुलाआडून

तरुणपणी मी परळीच्या टेलिफोन एक्स्चेंजात होते. फोन जोडून द्यायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच काम. मी बाजूला होत नसे. कोणाची सोयरीक मोडली, कोणाची बदली झाली, सगळं कान लावून ऐकायची आणि स्वतःला लई हुशार समजायची. अर्धं ऐकलेलं पुरं करून घरी सांगायची ती बया आठवली की आता हसू येतं.

खोड मात्र गेली नाही.

माझी नात साखर कारखान्याच्या गट ऑफिसात ऊसनोंदी भरते. अकरा महिन्यांचा करार, तो महिनाअखेरीस संपणार होता. मी खोलीत गेले की ती मोबाईल उलटा ठेवायची. मला वाटलं, पोरगं असणार. मग मी जास्वंदीच्या फुलाचा फोटो लावून इन्स्टावर खातं उघडलं आणि फूल होऊन तिच्यामागं लागले.

पोरगं काही दिसेना. रील दिसली. भर दुपारी, ऑफिसात, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीसोबत गाण्यावर ओठ हलवत होती. मागं फेटेवाले चार शेतकरी ताटकळत उभे. मी खाली लिहिलं, ‘माणसं उभी हायेत, काम सोडून नाचता कावून?’

तिसऱ्या दिवशी नात घरी आली ती थेट पलंगावर जाऊन पडली.

“सायबानं बोलावलतं,” ती म्हणाली. “कोणीतरी रील दाखविली त्यायला. खालचं लिवलेलं वाचून दाखवलं मला. म्हणले, करार वाढवायचा का न्हाई, बघू.”

“काम सोडून कशाला करायचं मग?”

“सर्व्हर बंद होता, आज्जी. दोन तास. ते बाबा बी तेच म्हणले, काढा फोटो, आमाला काय घाई हाय.”

मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

“ते लिवणारी शेजारच्या टेबलावरचीच असंल,” नात म्हणाली. “रील माझ्या खात्यावर, बोल मलाच. तिचा बी करार संपायलाय. एकच जागा ठिवणार म्हणत्यात. आजपासून तिच्यासंग डबा न्हाई खाणार.”

दोन दिवस मी पाहिलं. मैत्रिणीचा फोन यायचा, ही उचलायची नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या ताटात भाकरी वाढताना मी सांगून टाकलं, “ते जास्वंदीचं फूल मी हाय.”

तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “उद्या माझ्यासंग यायचं. सायबाला तुझ्या तोंडानं सांगायचं.”

गेले. साहेब माझ्या नातवाच्या वयाचा. मी सांगत होते आणि तो मधूनमधून मांडीवरच्या मोबाईलवर बोट फिरवत होता. सगळं ऐकून त्यानं विचारलं, “आज्जी, आमच्या ऑफिसातल्या अजून कोणाकोणाला बघता तुमी?”

“तुमाला बी,” मी म्हणाले. खोटं होतं, पण त्याचं बोट थांबलं.

करार वाढला, दोघींचाही, पण तीनच महिन्यांचा. त्या दोघी आता एकाच डब्यात जेवतात असं नात सांगते. खरं की खोटं, मला बघता येत नाही; तिनं खात्याला कुलूप लावलंय आणि फुलांची विनंती ती घेत नाही.