किटली वयर धर

फोडलेल्या नारळाची करवंटी हातात आली की मला चहाचाच वास येतो. बांद्याजवळ आमची जांभ्या चिऱ्याची खाण होती. घाटावरून आलेली माणसं तिथे राबून नखशिखान्त लाल व्हायची आणि दुपारी आमच्या अंगणाबाहेर चहाला बसायची. कप घरच्यांना, करवंट्या त्यांना. खाणकामगारांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं म्हणून मी शहरातून कॅमेरा घेऊन आलो होतो. शिवाशिव नको म्हणून आई एका बाईच्या करवंटीत हातभर उंचीवरून चहा ओतत होती. मी कॅमेरा उचलेपर्यंत ओतून झालं. "आये, परत ओत गो. किटली जरा वयर धर." "कित्याक रे?" म्हणत आईने धरली. बाईने अर्धा चहा मातीत सांडला आणि करवंटी पुन्हा पुढे केली. गरम थेंब तिच्या मनगटावर उडाले. "साहेब, नीट आला ना फोटो?" तिनेच विचारलं. नीटच आला. अजून लोक त्याच्यासमोर थांबतात, हात कुणाचा म्हणून विचारतात. मी सांगतो, खाणमालकिणीचा. किटली वर धरायला कुणी सांगितलं, ते कुणी विचारत नाही.