चराच्या पलीकडचे चिटणीस

"आधी खाली कोण आहे ते पाहून या." चिटणीसांचं हे वाक्य झाल्याशिवाय आमच्या सभेला सुरुवात होत नसे. कोणीतरी जिना उतरून खालची धान्याची वखार पाहून येई. मग आमचे चिटणीस खिडकी लावत, कडी दोनदा ओढून पाहत आणि कुजबुजल्यासारखं सांगत, "आजचा निबंध, चंद्राच्या कला."

चंद्राच्या कलांना कोण आक्षेप घेणार होतं? पण अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ते विजेला भीत, घोड्याला भीत, ज्यांच्या घरी राहत त्या काकांना तर फारच भीत. परीक्षकाचा चेहरा पाहून पाठ केलेलं विसरल्यामुळे बी.ए.ला दोनदा नापास झाले होते. आम्ही मुंबईच्या कॉलेजांत शिकणारे ठाण्या-कल्याणचे आठ-नऊ जण. आम्हाला एकत्र बांधून ठेवणारी ही ठाण्यातली रविवारची सभा मात्र याच भित्र्या माणसानं उभी केली होती.

सभेत पास्कू आला तेव्हा खरी पंचाईत झाली. तो खाडीकाठच्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा. निबंध उत्तम लिही, पण सभेनंतर फराळ असे, आणि त्याच्याबरोबर खाल्लं हे घरी कळलं तर आमची धडगत नव्हती. चिटणीसांनी आठवडाभर विचार करून तोडगा काढला. "फुटाणे! कोरड्या जिनसेला विटाळ नाही." तेव्हापासून आम्ही सगळे एकाच टोपलीतले फुटाणे खाऊ लागलो. खाताना ते स्वतः मात्र खिडकीकडे पाहत राहत.

पुढे मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, सुरू झाला. कॉलेजं ओस पडली, आम्ही घरी परतलो. मग ठाण्यातही घरं तपासायला गोऱ्या पलटणीतले सोजीर येऊ लागले. कोणाला साधी शिंक आली तरी माणसं दारं लावून घेत.

त्या रविवारी वखारीच्या पायरीवर मेलेला उंदीर होता. आम्ही तो ओलांडून वर गेलो. चिटणीसांनी सभा तहकूब करायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून पास्कूचा आवाज आला.

"मना थंडी वाजते."

तो सतरंजीवर आडवा झाला होता. दात वाजत होते.

आम्ही पळालो. मी सगळ्यांच्या पुढे होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. जिन्याच्या तळाशी पोचून वळून पाहिलं, तर चिटणीस वरच्या दारात उभे, एक पाय बाहेर, चेहरा पांढराफटक.

"अरे, त्याला पाणी द्यायला कोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले, बाहेरचा पाय आत घेतला आणि परत गेले. स्वतःच्या तांब्यातून त्यांनी पास्कूला पाणी पाजलं. दुपारी सरकारी माणसं आली आणि दोघांनाही गावाबाहेरच्या झोपड्यांत घेऊन गेली.

तीन दिवस मी घरातून हललो नाही. सारखा काखेत हात घालून गाठ चाचपून पाहत होतो. चौथ्या दिवशी राहवेना म्हणून गेलो. झोपड्यांभोवती बांबूचं कुंपण, त्याच्या अलीकडे खणलेला चर. मला पाहताच चिटणीस कुंपणापाशी आले.

"चर ओलांडू नकोस रे! तिथूनच बोल. पास्कूला गाठ नाही, हिवतापच आहे. पण आता आम्हाला इतक्यात सोडणार नाहीत."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना! फार वाटते. पण इथं लपायला जागाच नाही, त्यामुळे कामं होतात." मग म्हणाले, "रविवारी सगळ्यांना घेऊन ये. एक वादविवाद राहिलाय आपला."

रविवारी आम्ही सात जण चरापाशी उभे राहिलो. विषय होता, शास्त्रं मराठीतून शिकवावीत की इंग्रजीतून. कुजबुजत बोलणारे आमचे चिटणीस त्या दिवशी छाती भरून ओरडत होते. आम्हीही ओरडून उत्तरं देत होतो. झोपड्यांतली माणसं बाहेर येऊन बसली. एक कोळीण मध्येच ओरडली, "मराठीतच शिकवा रं, मंजे आमाला बी कलंल!" कित्येक दिवसांनी तिथं माणसं हसली. तेवढ्यात एका झोपडीतून रडणं ऐकू आलं आणि हसणं थांबलं. चिटणीसांनी क्षणभर तिकडे पाहिलं, पुढच्या वक्त्याला म्हणाले, "चालू द्या," आणि स्वतः त्या झोपडीकडे गेले.

पुढच्या रविवारी आम्ही पाचच जण गेलो. कुंपणापाशी पास्कू एकटाच उभा होता, अंगावर घोंगडी, उन्हात डोळे बारीक केलेले. आम्ही चिटणीसांची वाट पाहत चराशी थांबलो.

"चिटणीस कुठायत रे?" शेवटी मी विचारलं.

"काल सकाली गेले," तो म्हणाला. "त्या रडनाऱ्या बाईच्या पोराला सांभालत व्हते. मंग त्यांनाच गाठ आली."

मी चर ओलांडला. पहारेकरी शिपाई लांबून ओरडला. पास्कू स्वतःच दोन पावलं मागे सरला. "नको, जवल नको येव."

मी बांबूंमधून हात आत घातला आणि तसाच धरून उभा राहिलो. शिपाई पुन्हा ओरडला. माझ्यामागे चरात कोणीतरी उतरल्याचा आवाज आला, मग आणखी कोणीतरी. समोर पास्कू घोंगडीतून हात बाहेर काढत होता.