पप्पा भाकर घेत नव्हते

चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. शिरूरच्या आमच्या देवळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. मंडळी उठून पुढं जायची, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायची. घरात कुणाशी वैर धरून भाकर घ्यायची नाही, असं आमच्यात मानतात. त्या वर्षी पप्पा बाकावर बसून राहायला लागले, आणि आमच्या घरात बिनसलंय हे सगळ्या मंडळीला न सांगता कळलं.

बिनसलं नाताळाला. पप्पा एसटी डेपोत मेकॅनिक. माझ्या थोरल्या भावालाही त्यांनी तिथंच शिकाऊ म्हणून चिकटवलं होतं. तो ते सोडून दौंडला वेल्डिंगच्या दुकानात लागला. नाताळाला पप्पांनी मला कोट शिवला, त्याला साधा शर्टही नाही. पाहुण्यांसमोर तो म्हणाला, "मी काय रस्त्यावर घावलो व्हय?" पप्पांनी हात उचलला. तो भरल्या ताटावरून उठून गेला आणि परत आला नाही. कोट मला अगदी मापात बसला होता, याचा मला अजून राग येतो.

त्यानंतर घराचाच कंटाळा यायला लागला. पप्पा डेपोतून यायचे, हातपाय धुऊन भिंतीला टेकायचे. आई रोज म्हणायची, "दौंडला जाऊन या की." पप्पा रोज म्हणायचे, "कुठल्या तोंडानं जाऊ?" संध्याकाळच्या प्रार्थनेत थोरल्याचं नाव घ्यायची वेळ आली की पप्पा आईला खूण करायचे, मग उरलेली प्रार्थना आई उरकायची.

आमच्या देवळाचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हातारे. पहिला रविवार शिरूरला, दुसरा दौंडच्या देवळात, दोन्हीकडं प्रभुभोजन, अशी त्यांची ओढाताण चालायची. एका पहिल्या रविवारी ते चहाला आले तेव्हा पप्पा म्हणाले, "मला मंडळीच्या कमिटीतनं काढा. देवळात पुढं पुढं करायचं आन् घरात पोरगं टिकंना."

पाळकसाहेब बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणाले, "पवित्र शास्त्रात एक धड बाप दाखवा मला. एका आंधळ्या म्हाताऱ्यानं थोरल्यालाच जीव लावला, धाकट्याला न्हाई. त्याचाच धाकटा पुढं बाप झाला, तर त्यानं बारा पोरांत एकालाच झगा शिवला. एका राजानं रुसलेलं पोरगं माघारी आणलं, पण तोंड दाखवू दिलं न्हाई. पोरगं मेल्यावर मग रडत बसला. देवानं ह्यातल्या कुणाला टाकलं का?"

पप्पा खुंटीवरच्या माझ्या कोटाकडं बघत राहिले.

जाताना पाळकसाहेब चपला घालत म्हणाले, "दौंडलाबी एक जण बाकावरच बसून राहतो. भाकर घेत न्हाई. विचारलं तर म्हणतो, बापाशी बोलणं न्हाई."

पुढच्याच रविवारी आम्ही तिघं निघालो. चौफुल्याला गाडी बदलली. पाटसच्या कारखान्याला निघालेल्या उसाच्या गाड्यांमागं आमची एसटी रखडत गेली. दौंडच्या देवळात पोचलो तेव्हा उपदेश संपत आला होता. थोरला शेवटच्या बाकावर होता. पप्पा त्याच्या शेजारी जाऊन बसले, आई आणि मी पलीकडच्या बाकावर. दोघांनी एकमेकांकडं पाहिलंही नाही. इथूनही हे असेच घरी परतणार, अशी मला भीती वाटली.

मंडळी उठली, पुढं जाऊन आली, जागेवर बसली. हे दोघं तसेच.

पप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "मला बाप व्हायला नीट जमलं न्हाई."

समोर पाळकसाहेब ताट हातात धरून उभे होते. त्यांनी कुणालाच हाक मारली नाही, पण ताटही खाली ठेवलं नाही.

"तू उठल्याबिगर मी उठत न्हाई," पप्पा म्हणाले.

थोरल्यानं मान वर करून पाळकसाहेबांच्या हातातल्या ताटाकडं पाहिलं. मग म्हणाला, "उठा पप्पा. म्हातारा माणूस किती वेळ उभा राहील."

पप्पांचा गुडघा धरला होता, त्यांना एकदम उठता येईना. थोरल्यानं त्यांच्या दंडाला धरलं आणि पुढं नेलं.