मामांची बसकी गाडी

आमच्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या मामांनी, आयुष्यात एकही वस्तू तिच्या मूळ उंचीवर राहू दिली नाही. नांदुऱ्याच्या त्यांच्या घरात नवा पलंग आला की तिसऱ्या दिवशी त्याचे पाय वीतभर कापलेले असायचे. खुर्च्या पाटासारख्या, पाट जमिनीसारखे, आणि देव्हारा तर इतका खाली उतरवलेला की भक्तांपेक्षा देवांनाच जास्त वाकावं लागत असेल. पहिल्या दिवाळसणाला मी जावयाच्या ऐटीत तिथल्या खुर्चीवर बसायला गेलो, तर खुर्ची नेहमीच्या ठिकाणी नव्हतीच. ती आणखी हातभर खाली होती. तेवढं अंतर मी हसऱ्या चेहऱ्यानं हवेतून पार केलं. कारण विचारलं तर मामांचं उत्तर ठरलेलं : "उंच वस्तूले वारं धरते, जवाईबापू." दारं लावलेल्या खोलीत पलंगाला कुठलं वारं धरणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. मामांकडे महायुद्धानंतर लिलावात निघालेली एक पिकअप होती. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. तिच्यातून ते कापसाच्या जिनिंगमधली सरकी गावोगाव पोचवत. गाडीला हॉर्न होता, पण मामा तो वाजवत नसत. रस्त्यात बैल आडवा आला की गाडी थांबवून खाली उतरत आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणत, "सरक ना बाप्पा, काऊन अडून राह्यला?" बैल सरकायचा. मी एकदा जळगाव जामोदच्या रस्त्यावर हाच प्रयोग केला. बैल माझ्या सदऱ्याची बाही चघळत उभा राहिला.

या पिकअपचं मागचं अंग फार उंच होतं. हौद्यात चढायचं तर छातीइतकं चढावं लागे. आणि मामींचे गुडघे गेलेले. मामींचा थोरला भाऊ धामणगाव बढ्याला दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळला होता. दोन्ही भाऊबीजांना मामींनी कुंकवाची पुडी कोणाच्या तरी हाती पाठवली आणि दिवसभर जेवल्या नाहीत. यष्टीची पायरी उंच, बैलगाडीचे हादरे सोसवत नाहीत. मी सुचवलं, "मामी, पुढे केबिनमध्ये बसा ना. दोघं मिळून ढकलू तुम्हाला."

"आन् माहेरात नवऱ्याच्या मांडीले मांडी लावून शिरू काय?" मामी कडाडल्या. "लाज हाये का नाई?"

तिसरी भाऊबीज चार दिवसांवर आली तेव्हा मामा माझ्यापुढे येऊन बसले. "जवाईबापू, तुम्ही शाळेत शास्त्र शिकवता. गाडीचं ढुंगण खाली आनाचं हाये. वारं धरते."

मागच्या चाकांवर गाडी तोलून धरणारी लोखंडी पाट्यांची चवड असते. पाटे काढले की गाडी खाली बसते. दोन्ही बाजूंना सात-सात पाटे होते. मी वहीत आकृती काढली, बाण काढले, मामींचं वजन अंदाजे धरलं (ही गोष्ट घरात अजून कोणाला ठाऊक नाही) आणि छातीठोकपणे सांगितलं, "तीन-तीन काढा." मामांनी अंगणातल्या कडुलिंबाखाली गाडी दगडांवर चढवली, गंजलेले बोल्ट घासलेट पाजून सोडवले. गाडी अशी खाली बसली की मामी एक पाय उचलून सहज आत गेल्या आणि आत बसून पहिल्यांदा मला म्हणाल्या, "पोरगा हुशार हाये."

माझं गणित चोख होतं. फक्त आमच्या मुलखात बाई माहेरी एकटी जात नाही, हे मी गणितात धरलं नव्हतं. भाऊबीजेच्या सकाळी मामांची गाडी धामणगावला चालली हे कळताच अख्खी गल्ली निघाली. कोणाचं माहेर वाटेत, कोणाचं वाटेपासून कोसभर आत. नऊ बाया, फराळाचे डबे, एक शिलाई मशीन. शेवटची बाई बसली आणि मागून 'धप्प' आवाज आला. गाडीचं मागचं अंग चाकांवर टेकलं, तोंड आभाळाकडे झालं.

मामा आत बसून म्हणाले, "मले रस्ता दिसून नाई राह्यला. घार दिसून राह्यली."

"उतरवा दोन-चार जणींना," मी म्हणालो.

"सणाच्या दिवशी? माहेरवाशिणीले?" मामा म्हणाले. मग त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमचं वजन किती, जवाईबापू?"

अशा रीतीने मी, शास्त्राचा शिक्षक, बॉनेटवर चौघडी घातलेल्या गोधडीवर बसून, तोल सांभाळण्यापुरता, नांदुऱ्याहून निघालो. खालून इंजिन भाजत होतं, मागून मामा ओरडत होते, "जरासे पुढं सरका! आता दिसला रस्ता!" मोताळ्याच्या बाजारात माझ्याच वर्गातली तीन मुलं उभी होती. त्यांनी अदबीनं नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून टोचतो.

धामणगावला भावाची खाट ओसरीवर आणून ठेवली होती. गाडी थांबली. मामींनी कोणाचा हात धरला नाही, स्टूल मागितलं नाही. सरळ जमिनीवर पाय टेकवला आणि ताट घेऊन चालत गेल्या. भावाला बोलताना जीभ जड होत होती. तो एवढंच म्हणाला, "उतरली कशी वं तू?"

"मी कुठं उतरली? गाडीच खाली बसली," मामी म्हणाल्या आणि ओवाळता ओवाळता रडल्या. मामा तेव्हा उगीचच चाकातली हवा तपासत होते.

पुढच्या तीन भाऊबीजा तशाच झाल्या. मग भाऊ गेला, आणि काही वर्षांनी मामीही गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात मी मामांकडे गेलो होतो. आता माझेही गुडघे कुरकुरतात. त्या बसक्या हौद्यात पाय टाकताना मात्र कुरकुरले नाहीत. गाडी लिंबाखाली तशीच, बसलेली. काढलेले सहा पाटे भिंतीला टांगलेले, तेल लावून.

"मामा," मी म्हणालो, "आता तरी पाटे परत टाका. माल भरता येईल."

मामी जिथून चढत, तो हौद्याचा काठ मामांनी हातानं पुसला.

"नाई," ते म्हणाले. "वारं धरते."

वर लिंबाचं एक पानही हलत नव्हतं.