परस्पर दिलेला नकार

शनिवारी सकाळी सांगलीजवळ माधवनगरच्या खोलीवर चहा उकळत ठेवला होता आणि मी एका हातात सांडशी धरून मोबाईल बघत होते. अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठाच्या मेलची मी महिनाभर वाट बघत होते, त्यांचाच मेल आला होता. लिहिलं होतं, आमच्याकडची पीएचडीची जागा आपण नाकारल्याचं कळलं, वाईट वाटलं, पुढच्या शिक्षणासाठी शुभेच्छा. मी ते तीनदा वाचलं. जागा मिळाल्याचंच मला माहीत नव्हतं, मग मी ती नाकारली कधी? चहा सगळा शेगडीवर उतू गेला तरी मी तशीच उभी. 

आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी मेल चुकून इकडं आला. पण वर नाव माझंच, आडनावासकट. मग खात्यात शोधाशोध केली तर डाव्या बाजूला एक कप्पा दिसला, जो मी कधी केलाच नव्हता. त्याला नाव दिलं होतं 'निकाली'. आत दोन पत्रं. एक त्यांचं, गुरुवारी पहाटे आलेलं, आपली निवड झाली आहे म्हणून. दुसरं माझ्या नावानं, त्याच दिवशी सकाळी पावणेसातला गेलेलं. सविनय कळविण्यात येते की माझे अन्यत्र निश्चित झाले आहे, सबब आपली जागा माझ्यासाठी अडवून ठेवू नये. असलं इंग्रजी जगात एकच माणूस लिहितो, आणि तो म्हणजे माझा बाप.

आबा फौजेत अठ्ठावीस वर्षं क्लार्क होते. साहेबांच्या नावानं पत्र लिहायचं, खाली साहेबाचं नाव टाकायचं आणि आलेल्या कागदाचा त्याच दिवशी निकाल लावायचा, यात त्यांचा जन्म गेला. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी येऊन ऊस करायला लागले तरी ती सवय सुटली नाही. लग्नपत्रिका आली तरी पोच देणारा माणूस. डिसेंबरात मी अर्ज भरायला घरी गेले तेव्हा माझ्या मोबाईलचा डिस्प्ले गेला होता, म्हणून अर्जांसाठीचं नवं मेल खातं आबांच्या मोबाईलवर उघडलं. नंतर ते तिथून काढायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मलाच वाटलं, बघू देत बापडे, तेवढाच त्यांना आनंद.

फोन लावला. "आबा, तुम्ही मेल केला?"

"व्हय, केला की. गुरवारीच." आवाजात जराही धाकधूक नाही. "आगं, तुझं पयल्या ठिकाणी ठरलंय. पेढे वाटून झालं. मग दुसऱ्यास्नी कशाला ताटकळत ठिवायचं?"

 फोन ठेवला, आणि कपाळाला हात लावून कॉटवर बसले. 

पहिलं ठिकाण म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी जिथून होकार आला होता ते, अमेरिकेतलंच एक विद्यापीठ. चांगलं होतं, नावं ठेवायला जागा नाही. पण तिथले सगळे जनुकांच्या आकडेवारीवर काम करणारे, आणि मला जनुकांत काडीचा रस नव्हता. मला हवा होता नमुना अपुरा असताना अंदाज कसा बांधायचा, हा विषय. जिल्ह्याचा आकडा सगळे सांगतात, पण एका गावातल्या पाच शेतांवरून त्या गावाचं पीक किती निघेल ते कसं सांगायचं? त्यावर काम करणाऱ्या एक बाई आबांनी नाकारलेल्या या विद्यापीठात होत्या. त्यांचे पेपर दोन वर्षं मी सांगलीत कॉलेजच्या लायब्ररीत बसून घोटले होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केली तीच मुळी त्यांच्याकडं जायचं म्हणून. अंतिम निर्णय कळवायला एप्रिलच्या मध्यापर्यंत मुदत होती, आणि तोवर मी कुणालाच काही कळवणार नव्हते.

हे घरात कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. तीच तर गोम होती.

मी ताबडतोब त्या विद्यापीठाला लिहिलं, नकार माझा नाही, कृपा करून तो धरू नका. मग सांगलीहून रेल्वेनं रहिमतपूर गाठलं. गाडीत सगळा वेळ डोक्यात तिडीक उठत होती. घरी गेल्या गेल्या काय काय बोलायचं ते मी कराड येईपर्यंत तीनदा घोकलं.

आबा ओट्यावर पेपर वाचत होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "मला न विचारता माझ्या नावानं नकार दिलात? मी काय मेलेय का?"

आई आतून धावत आली. आबांनी पेपरची घडी केली. त्यांना अजून पत्ताच नव्हता काय झालं त्याचा. मी सांगितलं, मला हेच हवं होतं, पहिलं नको होतं.  आबांचा चेहरा उतरत गेला, तो मी उभ्या उभ्या बघितला. 

मग म्हणाले, "तुज्या ताईच्या वक्ताला वाईच्या त्या मानसांनी दिवाळीपास्नं शिमग्यापतोर 'कळवतो, कळवतो' म्हणून आपल्याला लटकत ठिवलं. तवर दोन चांगली स्थळं हातची गेली. तवाच ठरवलंवतं, आपुन कुणाला असं करायचं न्हाई. आपुन जागा धरून बसलो की मागं कुणाचं तरी पोरगं खोळंबतंय."

"हे लग्न नाहीये, आबा. इथं दोन-चार ठिकाणी होकार घेऊन बसायची रीतच असते."

"मला कसं ठावं?" ते म्हणाले. आणि मग हळूच, "तुज्या मनात दुसरं हुतं, तर पेढे वाटताना गप का बसलीस?"

 पहिला होकार आला तेव्हा आबांनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले होते. फौजेतल्या जुन्या दोस्तांना फोन लावले होते. माझी लेक डॉक्टर होणार, सुईची न्हाई, आकड्यांची, असं सांगून हसत होते. त्या आनंदात बिब्बा घालायचं माझ्या जिवावर आलं. पण म्हणून माझा राग उतरला असं नाही. उलट वाढला.

संध्याकाळी आबांनी वही काढली आणि पेननं एक मसुदा लिहिला. सदर पत्र माझ्या मुलीने लिहिलेले नसून ते मी तिच्या नकळत लिहिले, चूक सर्वस्वी माझी आहे, तरी शिक्षा तिला होऊ नये. खाली स्वतःची सही, फौजेतला हुद्दा आणि नंबर. मी त्याचा फोटो काढून पाठवला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी साहेबांच्या नावानं कितीतरी खुलासे लिहिले असतील, स्वतःच्या नावानं बहुतेक हा पहिलाच.

तिकडं रविवारची सुट्टी. सोमवारही तसाच गेला.  मंगळवारी पहाटे उत्तर आलं. आपली अडचण समजली, पण ती जागा शुक्रवारीच प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली, त्याच दिवशी होकार आला, आता मागे घेता येणार नाही. मी आबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पोरगा हाय का पोरगी?"

"लिहिलं नाही."

"बरं," ते म्हणाले. "मार्गी लागलं कुनीतरी."

माझा तोल सुटला. "ताईला कुणी लटकवलं म्हणून माझं मोडलंत तुम्ही," मी म्हणाले. आई गप बस, गप बस म्हणत राहिली. आबा उठले आणि शेताकडं गेले. दुपारपर्यंत आले नाहीत. त्या दुपारी मी पहिल्या विद्यापीठाला होकार कळवला. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आता इथं माझं दुसरं वर्ष सुरू आहे. जनुकांची आकडेवारी करते, मार्क चांगले पडतात, गाईड भला माणूस आहे. वाईट चाललंय असं मी म्हणणार नाही. त्या बाईंचा नवा पेपर आला की मात्र मी उघडत नाही, तेवढं मला जमत नाही.

आबांनी माझं खातं त्यांच्या मोबाईलवरून त्याच आठवड्यात काढून टाकलं. हल्ली त्यांचा फोन येतो तो भलत्याच कारणासाठी. वीजबिलाचा मेसेज आला, बँकेचं पत्र आलं, पुतण्याच्या साखरपुड्याचं निमंत्रण आलं. ज्या माणसानं जन्मभर आलेल्या कागदाला त्याच दिवशी उत्तर दिलं, तो मला सातासमुद्रापार फोन करून विचारतो, "ह्येला उत्तर धाडू का गं?"

मी "धाडा" म्हणते. ते थोडा वेळ फोन धरून थांबतात. तुमचं काही चुकलं नव्हतं, एवढं एक वाक्य त्यांना ऐकायचं असतं, हे मला कळतं. पण ते खरं नाही, आणि मला ते अजून म्हणवत नाही. मग मी जेवलात का विचारते, ते व्हय म्हणतात, आणि फोन तेच ठेवतात.