मार्क, स्मार्क आणि खळदकर

श्रीधर खळदकर एकतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होते. उशिरा आलेल्या कामगाराने कारण सांगायचं आणि खळदकरांनी ते लिहून घ्यायचं, हे काम. "आईला बरं नाही," असं एकाच माणसाने वर्षातून अकरा वेळा सांगितलं तरी ते मान वर न करता लिहीत. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांची मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी, दुपारी बारा ते चार, ते कसबा पेठेतल्या एका धर्मादाय डायलिसिस केंद्रात सात नंबरच्या खाटेवर पडून असत. हातात दोन जाड सुया, उशाशी मशीन. दिवसभरात प्यायला जेमतेम एक लिटर पाणी, त्यातच चहा धरायचा. बायको, कुसुमताई, बाहेर बाकावर बसून राहत.

सात आणि आठ नंबरच्या खाटांना मिळून एकच टीव्ही होता. रिमोट खळदकरांकडे असे, कारण ते सगळ्यांत जुने. मंगळवारी आणि शनिवारी दुपारी खेळांच्या चॅनेलवर अमेरिकन कुस्ती पुन्हा दाखवायचे. रंगीत चड्ड्या घातलेले धिप्पाड लोक, माइकवरून शिव्याशाप, एकमेकांच्या डोक्यात खुर्च्या. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये पहिल्यांदा केबल आली तेव्हापासून खळदकर हे बघत आले होते. का, ते त्यांना नीट सांगता येत नसे. तालमीतल्या लाल मातीतल्या कुस्त्याही त्यांनी पाहिल्या होत्या. "तिथे आपण शेंग सोलेपर्यंत निकाल लागलेला असतो," एवढंच ते म्हणत.

"अहो, हे सगळं आधी ठरलेलं असतं," असं महिन्यातून एकदा तरी कोणीतरी त्यांना सांगेच.

"बरं झालं सांगितलंत," खळदकर म्हणत आणि आवाज थोडा वाढवत.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आठ नंबरच्या खाटेवर शौनक दामले आला. वय एकतीस, हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी, ती आता घरून. पहिले चार महिने तो कोणाशी बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचा. वडील त्याला घेऊन यायचे आणि कुसुमताईंच्या शेजारी बाकावर बसायचे. डबा आणला तर तो तसाच परत जायचा.

मग एका मंगळवारी, पडद्यावर एक पैलवान गुडघा धरून विव्हळत होता तेव्हा खळदकर नकळत म्हणाले, "अरेरे, गेला याचा पाय."

भिंतीकडून आवाज आला, "काका, तुम्ही मार्क आहात."

"मी खळदकर."

शौनक वळला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू दिसलं. तोही लहानपणापासून हेच बघत आला होता. इंटरनेटवर या कुस्तीबद्दल लिहायचा, लोकांशी वाद घालायचा. तिथे प्रेक्षकांच्या जाती असतात, असं त्याने सांगितलं.

"ज्याला हे सगळं खरं वाटतं तो मार्क. जुना शब्द आहे, जत्रेतल्या खेळवाल्यांचा. ज्याला गंडवायचं त्याच्या पाठीवर म्हणे खडूने खूण करायचे. ज्याला आतलं माहीत असतं तो स्मार्ट. आणि माहीत असूनही जो बघतो, भांडतो, रात्री जागतो, तो स्मार्क. स्मार्ट अधिक मार्क."

"म्हणजे तू."

"म्हणजे मी."

"आणि जे हे करतात ते? पैलवान?"

"ते केफेब पाळतात. म्हणजे काय, की बाहेरही कबूल करायचं नाही. रिंगमध्ये पाय मोडला असेल तर दुसऱ्या दिवशी भाजी आणायलाही लंगडतच जायचं."

तीस वर्षं आपण जे बघतो त्याला इतकी नावं आहेत हे खळदकरांना ठाऊकच नव्हतं. "मी मार्क नाही रे," ते म्हणाले. "खरं आहे की खोटं आहे, असा प्रश्नच कधी पडला नाही मला."

"तेच तर. मार्क."

त्यानंतर चार तास थोडे लवकर जाऊ लागले. कोण कुणाला कधी दगा देणार हे शौनक आधीच सांगायचा आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. खळदकरांना त्यात फार गंमत वाटत नसे, पण पोरगं बोलतंय म्हणून ते ऐकत. शौनक डबा खायला लागला. मग बातमी आली की वडिलांचा रक्तगट त्याच्याशी जुळतोय. आईचा जुळत नव्हता. बाकी तपासण्या झाल्या की वडिलांचं एक मूत्रपिंड त्याला बसवायचं.

शौनक बदललाच. ऑपरेशन कसं करतात, कुठे चिरतात, किती दिवसांनी घरी सोडतात, सगळं तो खळदकरांना एखाद्या सामन्यासारखं समजावून सांगू लागला. "महिन्याभरात उठलो की खडकवासल्याला जाणार, काका. धरणाच्या काठावर बसून एक अख्खी बाटली पाणी पिणार. थंडगार. एका दमात."

खळदकरांनी गिळल्यासारखं केलं. त्यांच्या घशाला कोरड पडली होती. "माझ्या वाटचंही पी," ते म्हणाले.

दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी मशीनवरून सुटल्यावर खळदकर बाहेर आले, तर शौनकचे वडील, दामले, खिडकीपाशी उभे. त्यांनी खुणेने जवळ बोलावलं.

"माझं जमत नाहीये," दामले म्हणाले. "साखर निघाली. बरीच वर्षं असणार, मी कधी तपासलीच नाही. लघवीतून प्रोटीन जातंय. डॉक्टर म्हणाले, तुमचीच मूत्रपिंडं सांभाळा आता."

खळदकर खिडकीच्या कट्ट्याला टेकले.

"कुसुमताईंना सांगितलंय, शौनकला नाही. आत्ता कुठे तो जेवायला लागलाय. हिची शपथ आहे मला. दुसरं काही होतंय का बघतोय, तोवर तपासण्या चालू आहेत असंच म्हणायचं. तो तुमच्याशी बोलतो, खळदकर. तुम्ही फक्त हो म्हणा."

"मला जमणार नाही."

"तुम्हाला काही बोलायचंच नाहीये. फक्त हो."

दामल्यांचा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता. खळदकर दमलेले होते. मशीनवरून उठल्यावर अर्धा तास त्यांना समोरचं नीट दिसतही नसे. त्यांनी मान हलवली, तीही वाद नको म्हणून.

पण फक्त हो म्हणून भागेना. "बाबांचा हृदयाचा इको राहिलाय," शौनक म्हणायचा. "पुढच्या मंगळवारी आहे." खळदकर म्हणायचे, "हो, बोलले होते." मंगळवार यायचा. "झाला का रे इको?" असं त्यांना विचारावं लागायचं, नाही विचारलं तर विचित्र दिसलं असतं. "मशीन बंद होतं म्हणे, आता शुक्रवारी." "सरकारी कारभार," खळदकर म्हणायचे. कारखान्यात त्यांनी हजारो थापा ऐकल्या होत्या. ऐकणं सोपं होतं. दर वेळी नवी थाप मारायला, आधीची कोणती मारली ते लक्षात ठेवायला किती ताकद लागते, हे त्यांना आत्ता कळत होतं. घरी गेल्यावर ते न जेवता झोपत.

एके दिवशी सुया काढताना टेक्निशियन तनुजा सहज म्हणाली, "मेंदूमृत दात्याचं मूत्रपिंड मिळावं म्हणून यादी असते, तिच्यात शौनकने नाव घातलंय का हो? वडील देतायत म्हणून राहिलं असेल. पण घालून ठेवावं. तिथे वर्षानुवर्षं थांबावं लागतं, जितकं लवकर घालाल तेवढं बरं."

खळदकर बाहेर जाऊन दामल्यांसमोर उभे राहिले. "सांगा त्याला. नाव घालायचंय यादीत."

"आठ दिवस द्या. दिवाळी होऊ दे."

आठ दिवस गेले. दिवाळी झाली. दामल्यांनी नजर चुकवायला सुरुवात केली.

शनिवारी दुपारी शेवटचा सामना चालू होता. पडद्यावर कोणीतरी कोणाला दगा देत होतं आणि शौनक म्हणत होता, "बघा, आता तो वळणार." खळदकरांनी टीव्ही बंद केला.

"काय झालं?"

"शौनक, तुझ्या बाबांचं मूत्रपिंड चालत नाहीये. त्यांना साखर आहे. दसऱ्याच्या आधीच कळलं. तू यादीत नाव घाल, सोमवारीच."

शौनकला क्षणभर हा विनोद वाटला. मग त्याने खळदकरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच्या मशीनने टींटीं करायला सुरुवात केली, रक्तदाब चढला होता. तनुजा धावत आली, बटणं दाबली, "हात हलवू नका," म्हणाली आणि गेली.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

"आणि तुम्ही मला इको झाला का विचारत होतात."

"हो."

"दर मंगळवारी."

"हो."

"मशीन बंद होतं म्हटल्यावर सरकारी कारभार म्हणालात." त्याने डोळे मिटून घेतले. "मस्त काम करता हो तुम्ही."

चार वाजता दामले आत आले, मुलाचा चेहरा पाहिला आणि त्यांना समजलं. त्यांनी खळदकरांना विचारलं, "तुम्हाला काय अधिकार होता?"

"काहीच नाही," खळदकर म्हणाले.

मंगळवारी आठ नंबरवर एक नवे गृहस्थ होते. शौनकने सकाळची पाळी मागून घेतली होती. नव्या गृहस्थांना बातम्या हव्या होत्या. खळदकरांनी रिमोट देऊन टाकला.

त्या दिवशी परतताना रिक्षा मिळेपर्यंत दोघं नवराबायको एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. तांबट आळीतून ठोक्यांचा आवाज येत होता. खळदकर म्हणाले, "कुसुम, माझे रिपोर्ट तू मला वाचून दाखवतेस, ते खरे असतात ना?"

कुसुमताईंनी पिशवीचा बंद दोनदा सारखा केला. "सगळे नाही."

"बरं."

"हृदयाचं काही काही गाळते मी. सांगू का?"

"आधी घरी जाऊ. भात लाव. जेवण झालं की सांग."

जेवण झाल्यावर त्यांनी सांगितलं. फार चांगलं नव्हतं, फार वाईटही नव्हतं. खळदकर ऐकत ऐकत तिथेच कलंडले. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. कुसुमताई मात्र जाग्या राहिल्या. सात महिने एकटीने वाहिलेलं ओझं खाली ठेवल्यावर हात कसे दुखतात, तसं त्यांना होत होतं.

जानेवारीत संक्रांतीला अर्धे कर्मचारी सुट्टीवर होते, म्हणून केंद्राने दोन पाळ्या एकत्र केल्या. खळदकरांना तीन नंबरवर झोपवलं आणि चार नंबरवर शौनक होता. सात-आठचा टीव्ही तिथून तिरका दिसत होता. तो वाळला होता. पहिला तास त्याने मोबाइल पाहण्यात घालवला. मग पडद्याकडे बघतच म्हणाला, "नाव घातलं यादीत. नोव्हेंबरातच."

"छान केलंस."

"बाबा गोळ्या घेतात आता. चालायला जातात. आईने घरातली साखर फेकून दिली." थोड्या वेळाने म्हणाला, "मला राग कशाचा आला सांगू? सगळ्यांना नावं ठेवणारा मी. अमका मार्क, तमका मार्क. आणि वॉर्डात सगळ्यांत मोठा मार्क मीच. तुम्हाला माहीत, कुसुमकाकूंना माहीत. मी खडकवासल्याच्या गोष्टी सांगतोय."

खळदकरांनी मान त्याच्याकडे वळवली. सुई टोचलेला हात जड झाला होता. "तू सांगितलंस ना, ती जत्रेतल्या खेळवाल्यांची भाषा," ते म्हणाले. "म्हणजे जे पडद्यामागे असतात त्यांनी पुढे बसलेल्यांना ठेवलेलं नाव. मी होतो बाबा पडद्यामागे, पाच आठवडे. काही नाही तिथे. दमायला होतं नुसतं. सारखं वाटायचं, तुझ्यासारखं पुढे बसून विश्वास ठेवता आला तर किती बरं."

शौनकने मोबाइल उशीखाली सरकवला.

"आज मंगळवार ना?" त्याने विचारलं. "रिमोट कोणाकडे आहे?"

"बातम्यावाल्यांकडे."

"मागू?"

"माग. देणार नाहीत."

त्यांनी खरंच दिला नाही. दोघांनी साडेतीनपर्यंत नव्या जलवाहिनीच्या उद्घाटनाची बातमी तीनदा पाहिली.

शौनकला आजही मूत्रपिंड मिळालेलं नाही. तो यादीत आहे, फोन जवळ घेऊन झोपतो. त्याने पाळी पुन्हा दुपारची करून घेतली. खळदकरांचं हृदय आणखी थकलंय आणि त्यांचे रिपोर्ट आता ते स्वतः वाचतात, चष्मा लावून, एकेक ओळ. न कळलेला शब्द शौनकला विचारतात. तो शोधून सांगतो, गोड करून सांगत नाही.

त्या संक्रांतीच्या दुपारी सुटल्यावर लिफ्ट बंद पडलेली निघाली. तीन मजले जिना. खळदकर कठड्याला धरून उभे होते, कुसुमताई औषधं आणायला पुढे गेल्या होत्या. मागून दामले आले. दोन महिने ते खळदकरांशी एक शब्द बोलले नव्हते. ते आधी दोन पायऱ्या उतरून पुढे गेले, मग थांबले.

"धरा," दामले म्हणाले आणि खांदा पुढे केला. "सावकाश. मलाही गुडघे आहेत."

शौनक त्यांच्यामागून उतरू लागला. प्रत्येक वळणावर तिघंही थांबत, श्वास घेत आणि पुन्हा उतरत.