आधी तुमचा हिरा ऐरणीवर ठेवा

“हातोडी आना. आत्ताच फैसला होऊन जाऊ द्या,” वामनराव म्हणाले आणि त्यांनी अंगठी काउंटरवर आपटली.

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरच्या एका सराफाकडे व्हॅल्युअर, म्हणजे दागिन्यांची पारख करणारी, होते. हिऱ्याचं ग्रेडिंग मी मुंबईला जाऊन शिकले होते. आमच्याकडे तेव्हा सोनं सगळ्यांना कळायचं. हिरा फारसा कोणाला कळत नसे, पण बोलायचे सगळेच.

वामनराव गडचांदूरचे, चुनखडीच्या खाणीवर त्यांचे ट्रक. बाजूला उभी होती प्रतिभा, चामोर्शीच्या शाळेतली मास्तरीण, आणि तिचे वडील. वामनरावांच्या मुलाशी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. मग सासरच्यांनी नोकरी सोड म्हटलं, तर हिनं लग्नच सोडलं आणि अंगठी परत केली. आता वामनराव सांगत सुटले होते की, पोरीनं हिरा काढून काच बसवली. चामोर्शीच्या बाजारात हीच चर्चा. चोर ठरली तर ती वर्गात कोणत्या तोंडानं उभी राहणार?

“देल्ली तवा लखलख करे. आता पाहा, मेनावानी दिसून राह्यली,” वामनराव म्हणाले.

मी प्रतिभाला विचारलं, “केसाले तेल लावतानी काढत होती का हे?”

“नाई बाई. बोटातच राहे.”

मला हसू आलं. हिऱ्याला तेलाचं भारी वेड. तेल, साबण, हाताचा घाम, सगळं तो धरून ठेवतो आणि मंद दिसतो. मी कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशनं अंगठी धुतली. खडा झळकला. मग तोंडाची वाफ सोडली. काचेवरची वाफ रेंगाळते, हिऱ्यावरची लगेच उडते. इथे उडाली. मग उत्तरेच्या खिडकीशी गेले, कारण रंग बघायचा तर तिथलाच थंड उजेड चांगला. आयग्लास, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग, डोळ्याला लावलं. काचेच्या पैलूंच्या कडा गोलसर झिजतात, आत बुडबुडे असतात. याच्या कडा धारदार होत्या. आत एक बारीकसा काळा ठिपका, तो निसर्गानंच ठेवलेला. कलर, क्लॅरिटी, कट, कॅरेट म्हणतात ते सगळं त्यानंतरचं. आधी खरा की खोटा.

“खरा आहे,” मी सांगितलं.

“काच बी घासली का चमकते. खरा हिरा घनाखाली फुटत नाई, हे लेकराले मालूम आहे. तुमच्या घरी कोनी हिरा पायला होता काय, बाई?”

आमचं आडनाव मेश्राम. प्रश्नाचा रोख जातीवर होता, तो मला बरोबर कळला. डोकं तापलं.

“नाई पायला. म्हनून तर शिकून आली.”

शेठनी मला बाजूला घेतलं. “मेश्रामबाई, मारू द्या ना. त्यांचा माल, त्यांची मर्जी. गिऱ्हाईक तुटेल.”

“गिऱ्हाईक तुटलं तर दुसरं येईल, शेठ. हा हिरा फुटला तर पोरगी जन्माची चोर.”

हिऱ्यावर ओरखडा काढायला दुसरा हिराच लागतो, हे खरं. पण कठीण असणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. सागाचा ओंडका कसा रेषेवर चिरतो? हिऱ्याच्या पोटातही तशा रेषा असतात. घाव त्या रेषेवर बसला की संपलं. हे वामनरावांना समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात त्यांच्या बोटातल्या हिऱ्याच्या अंगठीकडे लक्ष गेलं. “हा कोनता?”

“माया बापाचा. एक नंबर.”

मी तो मागून घेतला, तपासला, शेठनाही दाखवला. “थोडी पिवळट झाक आहे, एका बाजूनं चीर आहे, पन खरा आहे. आता आधी तुमचा हिरा ऐरणीवर ठेवा. टिकला तर पोरीचा ठेवीन. पन फुटन, हे मी सांगून राह्यली.”

वामनराव हसले. मागच्या भट्टीजवळच्या ऐरणीवर त्यांनी स्वतः अंगठी टेकवली आणि हातोडी हाणली.

तुकडे झाले. शेठ भिंतीकडे पाहू लागले.

“बोला,” मी म्हटलं. “तुमच्या वडलांचा हिरा नकली होता, का हातोडीची परीक्षाच खोटी? दोनातलं एकच खरं असन.”

वामनरावांनी तुकडे गोळा केले. “माया बापाचा हिरा खराच होता,” ते म्हणाले.

“मंग हातोडीची परीक्षा खोटी. भिंगातून पायला तो पोरीचाही खरा. तिच्या वडलाइले सांगा.”

ते पुटपुटले, “खरा आहे, भाऊ. पोरीचा दोष नाई.”

प्रतिभाचे वडील निघायला वळले, पण ती जागची हलली नाही. “इथी सांगून नाई जमत,” ती म्हणाली. “बाजारात जसं बोंबलले, तसंच बाजारात सांगा. मी येतो संगं.”

आणि ती गेलीही. पुढच्या बाजाराच्या दिवशी वामनरावांना माणसांत उभं राहून बोलावं लागलं. शेठ महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. मीही विचारायला गेले नाही.

हिरा पारखायला भिंग, उजेड आणि शिकलेला डोळा लागतो. हातोडीनं एवढंच कळतं की ती कोणाच्या हातात आहे.